ईर्षेचे आठ गुण

पेपरातल्या एका शब्दाभोवती लाल गोल होता. गोल नीट जमला नव्हता. त्याचं टोक सुरुवातीला चुकवून बाहेर निघालं होतं आणि तसंच समासापर्यंत जाऊन त्यानं मी दिलेला आठ खोडला होता. शेजारी दोन लिहिले होते. स्टाफरूममधल्या पंख्यानं पेपराचा कोपरा फडफडत होता म्हणून मी त्यावर चष्म्याचं घर ठेवलं. "मॅडम, हा पेपर तुम्हीच तपासलाय?" विजयकुमार सरांनी विचारलं. ते आमच्या इंग्रजी विभागाचे प्रमुख. "व्हय सर," मी म्हणाले. हिंगोलीत राहून इतकी वर्षं झाली, पण मनात काही हललं की माझं ‘हो’ असं माझ्या गावी, शिरड शहापूरला परत जातं. सरांनी पेनाचं टोक गोलावर ठेवलं. "एन्व्ही म्हणजे काय?" वर्गातल्या पोरीला विचारावं तसं विचारलं. मत्सर, मी सांगितलं. "आणि प्रश्न काय होता?" प्रश्न मीच काढलेला होता: शोकांतिकेचा नायक असलेल्या कारभाऱ्याची महत्त्वाकांक्षा नाटककार कोणकोणत्या तंत्रांतून उघड करतो, गुण दहा. "बरं. महत्त्वाकांक्षेबद्दल विचारलं, पोरगी दोन पानं मत्सरावर लिहिते, आणि तुम्ही आठ देता. उद्या कुणी कांद्यावर निबंध लिहील, त्याला नऊ द्याल." तेवढ्यात शालूबाई चहा घेऊन आल्या, माझ्याकडं पाहून म्हणाल्या, "मॅडमच्या चहात साखर टाकू का जास्तीची? तोंड लई कडू दिसून राहिलं." सर हसले, मीही हसले. ते हसू संपायच्या आत सर म्हणाले, "चार वाजता गुण भरायचं पोर्टल बंद होतं. त्याच्या आधी दोनावर सही करून द्या. आणि सही करताना जूनचाही विचार करा."

जूनचा विचार मी तेरा वर्षं करत आले आहे. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माणसाचं वर्ष मेमध्ये मरतं आणि जूनमध्ये, मुलाखत झाली तर, परत जन्माला येतं. यादीत नाव यायला विभागप्रमुखांची शिफारस लागते. यंदा एक कायमची जागाही निघणार होती, पण ती कुणासाठी निघणार हे शालूबाईंनासुद्धा ठाऊक होतं, त्यामुळं तिच्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. आणि ज्या मुलीचा पेपर होता त्या रुपाचं असं, की दोन गुणांवर ती अंतर्गत परीक्षेत नापास, म्हणजे हा विषय वर्षभर मागं. तिचा बाप प्रेमदास, सेनगावकडच्या तांड्यावरचा, ऑगस्टमध्ये कॉलेजात आला होता. टोपी हातात घेऊन दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, म्या भावकीला सांगून ठिवलंय, पोरगी पास व्हतेय तवर शिकंल. एक डाव नापास झाली की माझं कुणी ऐकणार न्हाई. ध्यान राहू द्या." मी कसलं ध्यान ठेवणार होते. मी फक्त मान हलवली होती. आता ते मान हलवणं माझ्या मानेत परत आलं, आखडल्यासारखं.

पेपर घेऊन मी सहा नंबरच्या रिकाम्या वर्गात जाऊन बसले. दोन वाजता याच वर्गात माझा तास होता. खिडकीतून शिजवलेल्या हळदीचा वास येत होता, मार्चमध्ये सगळी हिंगोली त्या वासात बुडलेली असते, मोंढ्यातल्या बाजाराकडं जाणाऱ्या गाड्यांमागं पिवळी धूळ उडते आणि पांढरे सदरे घालणारी माणसं पंधरा दिवस पांढरे सदरे घालत नाहीत. बाकावर कुणीतरी कर्कटकानं बाण मारलेला बदाम कोरला होता. त्याच्यावर मी पेपर उघडला. नाटक चारशे वर्षांपूर्वीचं, इंग्रजी, आमच्या अभ्यासक्रमात कसं आलं देव जाणे. पखालवाल्याचा एक मुलगा ड्यूकच्या दरबारात कारभारी होतो आणि त्याला ड्यूकचं आसन हवंसं वाटायला लागतं. पहिल्या अंकात तो ओंजळीनं पाणी पितो, दुसऱ्यात विहिरीचा मालक होतो, तिसऱ्यात नदी स्वतःच्या महालाकडं वळवतो, आणि शेवटी शत्रू त्याला एका कोरड्या टाक्यात कोंडतात. तिथं त्याच्या ओळी तुटायला लागतात. प्रत्येक ओळीत पाच आघात असायचे, तिथं तीन, मग दोन. मी हे मुलांना बाकावर टाळी वाजवून शिकवते. पोरं हसतात, मग त्यांनाच कळतं की शेवटच्या ओळीला टाळी अधांतरी राहते.

रुपाचं इंग्रजी मोडकं होतं. क्रियापदं कर्त्याकडं न बघता बसलेली. पण तिनं लिहिलं होतं ते साधारण असं: कारभारी जे आपल्याला सांगतो ते ड्यूकला सांगत नाही. तो एकटा असतो तेव्हा आपण असतोच. आपल्याला सगळं ठाऊक असतं आणि आपण उठून ओरडत नाही, म्हणून आपणही थोडे दोषी होतो. ड्यूक म्हणतो, माझ्या कारभाऱ्याला कधी तहान लागत नाही, तेव्हा हसू येतं आणि भीती वाटते. स्वगत, नाट्यगत उपरोध, एकही नाव तिनं लिहिलं नव्हतं, आणि गाइडमधून उतरवलेल्या चाळीस पेपरांत ती नावं ओळीनं होती, त्यांच्याखाली काहीच नव्हतं. मग पुढं: पहिल्या अंकात कारभाऱ्याची एन्व्ही चांगली होती. माझ्या वडिलांची विहीर खणताना तशीच होती. नंतर त्याची एन्व्ही पाणी सोडून माणसांच्या मागं लागली. इथं लाल गोल होता. मी पेपर तपासला त्या दिवशी हा शब्द मला खटकला होता, दोन गुण मी त्याचेच कापले होते. पण वाक्याचा अर्थ मात्र मला एका दमात कळला होता. इतक्या सहज कळला, याचीच आता भीती वाटत होती. मला तिचं उत्तर कळलं होतं की फक्त माझी भाषा ऐकू आली होती?

कारण एन्व्हीच्या मागं कोणता शब्द उभा आहे हे मला ठाऊक होतं. ईर्षा. कोशात बघाल तर मत्सर, हेवा. पण आमच्याकडं पोरगं ईर्षेनं अभ्यास करतं, बाई ईर्षेनं घर उभं करते, बैल चढणीला ईर्षा धरतात. ज्याला ईर्षा नाही त्याला आमच्याकडं मेंगळट म्हणतात. रुपानं मनात ईर्षा धरली, कोश उघडला, आणि कोशानं तिला फसवलं. ही चूक पुण्याच्या पोरीकडून झाली नसती. तिच्याजवळ तो शब्द ह्या अर्थानं नसताच.

माझ्याजवळ तो अकराव्या वर्षी आला. आबा, म्हणजे माझे वडील सोनाजी, सप्त्यात टाळकरी असायचे. कीर्तनाला मी त्यांच्या मागं, खांबाला टेकून. विश्वंभरबुवा आख्यान लावायचे ते अजून माझ्या अंगात आहे. देवाचं आसन मागणाऱ्या एका राजाची गोष्ट ते सांगत. दरबाराचं वर्णन चाललं की आवाज मंडपाबाहेर जायचा, मग एकाएकी हातानं मृदंग थांबवायचे, उपरणं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घ्यायचे आणि एवढ्या हळू बोलायचे की पुढच्या बायका पुढं सरकायच्या. आता बुवा नव्हते, राजाचं मन होतं. हे सगळं माझं होऊ शकतं, असं ते मन म्हणायचं, आणि हजार माणसं श्वास धरून ते गुपित ऐकायची. उपरणं परत पहिल्या खांद्यावर आलं की बुवा बुवा व्हायचे. म्हणायचे, "मायबाप, राजाला हसू नका. त्याची तहान खोटी नव्हती. ईर्षा धरावी, जरूर धरावी, पण देवाची धरावी. देव वाटून संपत न्हाई, म्हणून तिथं कुणाच्या ताटातलं वढावं लागत न्हाई." आणि मग गजर व्हायचा, आबांच्या टाळांनी माझ्या छातीत काहीतरी सुटं व्हायचं. पुढं विद्यापीठात प्राध्यापकांनी स्वगत म्हणजे काय ते दोन तास समजावलं. मी वहीत एवढंच लिहिलं होतं: उपरणं बदलणं.

एकदा बुवा आमच्या घरी जेवायला आले, आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून मी आबांचं उपरणं घेऊन ते सगळं आख्यान त्यांच्यापुढं करून दाखवलं, राजाच्या मनासकट. बुवांचा घास हातात राहिला. म्हणाले, "सोनाजी, ह्या लेकरात ईर्षा हाय." आबांनी ते वाक्य वर्षभर गावभर वाटलं, पेढे वाटावे तसं. कुणी पाणी मागितलं तरी पाण्याबरोबर ते वाक्य मिळायचं. मायनं मात्र, मंजुळाबाई तिचं नाव, भांडी घासताना मला जवळ बसवलं. "असू दे ईर्षा. पण बाईच्या जातीनं ती पोटात ठिवायची. वठावर आली की लोक हात धुऊन मागं लागतेत." तिनं ते मायेनं सांगितलं. राखेचा हात होता म्हणून तिनं मनगटानं माझे केस मागं सारले. माझ्या आयुष्यात कुणी मला इतकं मन लावून काही शिकवलेलं नाही, आणि मी ते इतकं नीट शिकले की तेरा वर्षांपूर्वीच्या मुलाखतीत टेबलामागच्या पाच माणसांपैकी एकानं, बहुतेक वेळ भरायला म्हणून, विचारलं, "पुढं काही महत्त्वाकांक्षा?" तेव्हा मी म्हणाले, "नाही सर. मिळालं एवढं पुष्कळ आहे." पाचही माना डोलल्या. त्या माना डोलताना माझ्या पोटात काय चाललं होतं ते मला आठवतं. मला पीएच.डी. करायची होती, विभाग चालवायचा होता, ही खोली, हे टेबल, त्या टेबलामागची खुर्ची हवी होती. दुसऱ्या अंकात कारभारी ड्यूकपुढं गुडघे टेकून म्हणतो, मला काही नको, आपल्या सावलीचा एक घोट पुरे. हे शिकवताना मुलं दर वर्षी हसतात. मी दर वर्षी फळ्याकडं वळते.

म्हणजे मी रुपाला आठ दिले होते की स्वतःला? हा प्रश्न मी टाळत होते आणि तो बाकावर माझ्यासमोर येऊन बसला. विजयकुमार सर वाईट माणूस नाहीत. त्यांना व्याकरण प्रिय आहे, आणि आपल्या विभागाला खेडवळ म्हणतील याची धास्ती. चूक ती चूक. एन्व्ही म्हणजे ईर्षा नाही, हे मला चांगलं कळतं. मग उरलेल्या दोन पानांचं काय? मी पुन्हा वाचलं, या वेळी सरांच्या डोळ्यांनी, लाल पेन हातात धरून. एकेक वाक्य तपासलं. शब्द चुकला होता, आणि चुकलेल्या शब्दामागं माणूस बरोबर ओळखला होता. पेन खाली ठेवलं. एक कळलं, की आठ माझे नव्हते, तिचेच होते. तिचे आहेत म्हणून ते सोडून द्यायचा अधिकार मला नव्हता. स्वतःचं असतं तर मी कदाचित दिलं असतं. मला द्यायची सवय आहे.

दोनाची घंटा झाली. मुलं आत आली, पहिल्या बाकावर प्रतिक्षा, शेवटून दुसऱ्या बाकावर रुपा. ती मंदिरात उशिरा आल्यासारखी नेहमी कडेला बसते. मी तिला उभं केलं आणि तिचं उत्तर वाचायला लावलं. मध्येच दारात विजयकुमार सर येऊन थांबले, हातात गुणांची यादी. मी त्यांना या म्हटलं नाही, थांबा म्हटलं नाही. रुपा एन्व्हीपाशी आली तेव्हा वर्ग हसला. प्रतिक्षा म्हणाली, "मॅडम, एन्व्ही म्हंजे जळणं. हिचा बाप जळून विहीर खणत व्हता का?" परत हशा. रुपाचे कान लाल झाले. मला मध्ये पडावंसं वाटलं, पडले नाही. "सांग तिला," एवढंच म्हणाले.

"हरिचंदकाकाच्या इहिरीला पाणी लागलं व्हतं," रुपा बाकाकडं बघत म्हणाली. "आमच्या वावरात खडक हाय. सगळे म्हणले, परेमदास, तुला न्हाई लागायचं. बापूनं ईर्षा धरली. दोन उन्हाळे खणून राहिला."

"मंग काकाचं पाहूनच खणली ना? जळूनच की."

रुपानं पहिल्यांदा मान वर केली. "जळला असता तर काकाच्या इहिरीत माती टाकली असती. त्यानं आपली खणली."

रस्त्यावरून हळदीची गाडी गेली, तिचा कडकड आवाज सगळ्या बाकांवरून फिरला. प्रतिक्षा म्हणाली, "हां. मंग बराबर हाय," आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. दारातून सरांनी विचारलं, आणि त्यांचा आवाज मघापेक्षा खाली होता, "मग अॅम्बिशन लिहायचं ना सरळ. शब्द धड्यात होता."

"व्हता सर," रुपा म्हणाली. "पण तो मला कारभाऱ्याचा वाटला. मोठ्या लोकांचा. आमच्या घरात जे व्हतं त्याला म्या घरचाच शब्द पाहिला."

सर यादी घेऊन केबिनकडं गेले. मी फळ्यावर दोन शब्द लिहिले, एन्व्ही आणि ईर्षा, मध्ये एक उभी रेघ मारली, आणि उरलेला तास आम्ही त्या रेघेबद्दल बोललो. पहिल्या अंकात कारभारी रेघेच्या कोणत्या बाजूला आहे, तो रेघ कोणत्या ओळीत ओलांडतो, ओलांडताना तो कुणाशी बोलतो. मुलांनी ओळ शोधून काढली. मला गेल्या तेरा वर्षांत ती दिसली नव्हती. नदी वळवायच्या आधी तो पहिल्यांदाच आपल्याशी बोलायचं बंद करतो. त्यानंतर त्याला स्वगत नाही. लपवता लपवता तो आमच्यापासूनही लपला, असं शेवटच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला. मला बुवांचा मंडप आठवला, आणि वाटलं की राजाचं मन उघडं होतं तोवर त्याला वाचवता आलं असतं, हजार माणसं होती तिथं, देव होता.

पावणेचारला मी सरांच्या केबिनमध्ये गेले. संगणक चालू होता. वर्गातली सहा-सात मुलं आपापले गुण कळतील म्हणून दाराबाहेर घोळका करून होती, रुपा त्यांच्यात होती की नाही ते मी पाहिलं नाही. यादीत तिच्या नावापुढं मी आठ टाकले, छापील कागदावरचे दोन खोडून शेजारी आठ लिहिले आणि खाली पूर्ण नावानं सही केली.

"दोन गुण त्या शब्दाचे मी आधीच कापले होते, सर," मी म्हणाले. "तुम्हाला तक्रार करायची असेल तर वर पाठवा. मी येऊन उत्तर देईन."

"पाठवत नाही." ते खुर्चीत मागं रेलले. "पोरगी हुशार आहे, मान्य. पण मॅडम, तुम्ही मला वर्गाच्या दारात उभं केलंत. हे बरं नाही केलं. आता जूनमध्ये मी तुमचं नाव कसं घालू, तुम्हीच सांगा. लोग क्या बोलेंगे?"

"तासिकेसाठी नकाच घालू. मी कायमच्या जागेसाठी अर्ज करणार आहे."

त्यांनी चष्मा काढला. "जागा एकच आहे."

"ठाऊक आहे."

"आणि ती कुणाला जायची ते पण सगळ्यांना ठाऊक आहे."

"मलापण आहे. तरी ती मला पाहिजे, सर. आणि पुढं विभागही चालवायचाय मला. तेरा वर्षांपूर्वी विचारलं होतं तेव्हा मी खोटं सांगितलं होतं."

सरांनी बाहेरच्या मुलांकडं पाहिलं. मग उठून दाराकडं हात केला. "असं उघड्यावर बोलायच्या गोष्टी नसतात या. जरा दार लोटून घेऊ."

"राहू द्या उघडं," मी म्हणाले. "त्यांनाही ऐकू जाऊ द्या."